काढून ठेवलेला फाळका

पूल खचला त्या दिवसापासून सुताराच्या घराला रोज अकरा किलोमीटर जास्त पडू लागले.

पूल काही मोठा नव्हता. ओढ्यावरचा, दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एकीने थांबावं असा. पण तो गेला आणि डेअरीचा सरळ रस्ता बंद झाला. आता टेकडीला वळसा घालायचा, खाणीच्या बाजूने चढायचं, खडीवरून घसरत उतरायचं. पूल कधी होणार हे विचारायला गेलेल्यांना काम मंजूर आहे असं सांगण्यात आलं. मंजूर झालेलं काम किती वर्षं मंजूरच राहू शकतं हे विचारणाऱ्यांनाही ठाऊक होतं, म्हणून ते मुकाट्याने परत आले.

घरात माणसं तीन. म्हातारा सुतार, त्याचा मुलगा आणि सून. मुलाने रंधा कधी हातात धरला नाही, लहानपणापासून त्याला चाकांचं वेड, म्हणून सगळे त्याला गाडीवाला म्हणत. सुताराच्या हातांना तीन वर्षांपूर्वी कंप सुटला, तेव्हापासून करवत खुंटीवर टांगलेली होती. घर चालत होतं ते दारातल्या जुन्या पिकअपवर. पहाटे निघायचं, सात वस्त्यांवरचं दूध कॅनमध्ये गोळा करायचं, डेअरीत घालायचं आणि रिकामे कॅन घेऊन दुपारी परत यायचं. याला फेरी म्हणत. सूनही रोज सोबत असे. दूध मापून घेणं आणि कॅन वर चढवणं ही दोन माणसांची कामं होती.

गाडी यांची आणि डिझेल डेअरीचं असा ठराव होता. दूध उतरलं की डेअरीचा पंपवाला टाकीत दहा लिटरच्या खुणेपर्यंत डिझेल सोडायचा. आधीचं थोडं उरलेलं असलं तर तेवढं कमी. त्यात घरी जायचं आणि दुसऱ्या दिवशीची फेरी करून परत डेअरी गाठायची. गाडीचा डिझेलचा काटा केव्हाच मेला होता. सुताराने एक काठी तासून दिली होती, तिला लिटरा-लिटराच्या खाचा होत्या. भरण्याआधी ती टाकीत बुडवायची आणि ओली कुठवर झाली ते बघायचं. पूल होता तेव्हा काठी दुसऱ्या खाचेपर्यंत ओली होत असे. आता कशीबशी टोकाला ओल लागे, आणि शेवटचा चढ चढताना इंजिन आचके देई.

गाडीवाला मॅनेजरकडे गेला. मॅनेजरने मान वर केली नाही.

"दहा ठरलेत."

"साहेब, पूल होता तेव्हा ठरलेत."

"मग पूल मी पाडला का?"

"मी तरी कुठं पाडलाय?"

"तीनदा दूध वाटेत अडकलं की फेरी दुसऱ्याला," मॅनेजर म्हणाला. "कागदावर आहे, खाली तुझी सही आहे. जमत नसेल तर आत्ताच सांग. बाहेर माणसं उभी आहेत."

माणसं खरंच उभी होती. गाडीवाला त्यांच्या मधून वाट काढत बाहेर आला, तेव्हा त्यातल्या एकाने त्याला वाट करून देताना जरा जास्तच अदब दाखवली.

उपाय सांगितला लांबड्याने. लांबड्या म्हणजे खाणीपलीकडच्या फेरीचा ड्रायव्हर, त्याचा रस्ता पहिल्यापासून खाणीवरूनच. सहा फुटांवर उंची, केबिनमध्ये बसला की गुडघे स्टिअरिंगला लागत. चहाच्या टपरीवर त्याने गाडीवाल्याला स्वतःच्या गाडीत बसवलं, रस्त्यावर थोडा वेग दिला आणि म्हणाला, "हात बाहेर काढ. आडवा धर. आता उभा धर."

उभा धरला तसा वाऱ्याने हात मागे ढकलला.

"कळलं?" लांबड्या म्हणाला. "तुझ्या गाडीचा मागचा फाळका, हौदा बंद करणारी ती फळी, म्हणजे हा उभा हात. सगळा वारा त्यावर जाऊन आपटतो आणि गाडी मागे ओढतो. फाळका काढ, वारा सरळ निघून जाईल. लिटरभर तरी वाचेल."

"तू का नाही काढलास?"

"माझा पूल कुठं पडलाय?"

लांबड्याला हे कोणा लांब पल्ल्याच्या ट्रकवाल्याने सांगितलं होतं, आणि त्या ट्रकवाल्याला आणखी कोणी. पण हाताला लागलेला वारा खोटा नव्हता. गाडीवाला घरी आला तो पाना घेऊनच गाडीच्या मागे गेला.

त्या गाडीचा मूळचा पत्र्याचा फाळका गंजून गळून पडला होता. त्या जागी सुताराने लाकडाचा केला होता. जाड फळ्या, लोखंडी पट्ट्या, दोन्ही बाजूंना कड्या. हाताला कंप सुटायला लागला होता तेव्हाचं ते काम, पण एक सांधा वाकडा नव्हता. त्यानंतर त्याच्या हातून धड काही झालं नाही. ते झालं नाही हे घरात कोणी बोलून दाखवत नसे.

सुतार ओट्यावर बसून बघत होता.

"वारा कुठून येतो?" त्याने विचारलं.

"पुढून."

"मग त्याच्या वाटेत आधी तुझं केबिन आहे. ते काढ की."

"बाबा, चेष्टा नको. हात बाहेर काढून बघितलंय मी."

"हात तू खिडकीतून काढलास," सुतार म्हणाला. "फाळका खिडकीत आहे का? तो केबिनच्या पाठीमागे आहे."

 दोघा नवरा-बायकोने फाळका उतरवला आणि भिंतीला टेकवून ठेवला. सून पदार्थ झाकून ठेवावेत तसं त्यावर एक पोतं टाकत होती, तर सुतार म्हणाला, "राहू दे गं, ऊन लागून तो काही मरत नाही." आणि आत निघून गेला.

फाळका गेला, पण कॅन तिथेच होते. भरलेले चौदा कॅन चढावर मागे सरकायला लागले की त्यांना अडवायला काहीतरी हवं. आडवी साखळी लावून पाहिली, तिच्याखालून कॅन निसटले. दोरी लावली तर प्रत्येक वस्तीवर सोडाबांध करण्यात अर्धा तास जाऊ लागला, आणि दूध थांबत नाही. शेवटी गाडीवाला म्हणाला, "चार दिवस मागे बसतेस का? जरा सवय होईपर्यंत."

कोणाला सवय होईपर्यंत ते त्याने सांगितलं नाही. पंचवीस-तीस किलोचा फाळका काढून त्याने त्या जागी पन्नास किलोची बायको बसवली.

ती हौद्याच्या अगदी कडेला बसे. पाठ साखळीला, दोन्ही पाय ताठ करून शेवटच्या कॅनच्या बुडाला लावलेले. चढ आला की सगळ्या कॅनचा भार तिच्या तळपायांवर येई आणि तिथून गुडघ्यांत, गुडघ्यांतून माकडहाडात. उतारावर भार जाई, पण मग ती स्वतःच पुढच्या कॅनवर घसरे. खड्डा आला की ती आणि कॅन एकदमच उडत. खरा वैताग होता धुळीचा. गाडी पुढे जायची आणि चाकांनी उडवलेली सगळी धूळ मागे न राहता उलटी हौद्यात शिरायची. तोंडाला फडकं बांधलं तरी दात कचकचत. संध्याकाळी ती खाकरे तेव्हा थुंकी मातकट असायची. केस धुऊन दुसऱ्या दिवशी तेच व्हायचं, म्हणून तिने ते धुणंच कमी केलं.

वस्तीवरच्या बायका माप धरता धरता हसत. "काय गं, नवऱ्याने पुढून मागे टाकली का तुला?"

"बढती दिली," ती म्हणे.

पण पहिल्याच आठवड्यात काठी एका खाचेपर्यंत ओली झाली. गाडीवाल्याने ती दोनदा पुसून पुन्हा बुडवली, पुन्हा तेवढीच. तो काठी हातात धरून टपरीवर गेला आणि सगळ्या ड्रायव्हरांना दाखवून आला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला काहीतरी स्वतःचं सुचलं होतं. लांबड्याने सांगितलं होतं हे खरं, पण करून त्याने दाखवलं होतं. सगळे त्याला वारेवाला म्हणू लागले आणि त्याला ते आवडलं. पंधरा दिवसांत नऊ गाड्यांचे फाळके उतरले. कोणी मागे भावाला बसवलं, कोणी बायकोला. लांबड्याला बायको नव्हती. त्याने आईला बसवलं. सत्तरीच्या आसपासची, हडकुळी बाई. लेकाच्या गाडीत मागे पाय ताठ करून बसलेली दिसे तेव्हा तिचे तळवे लहान मुलाच्या पायांएवढे वाटत.

मॅनेजरने गाडीवाल्याला आत बोलावलं. खुर्ची दिली, चहा दिला, खांद्यावर हात ठेवला. "डोकं आहे तुझं," असंही म्हणाला. गाडीवाल्याने वारा कसा आपटतो, कसा ओढतो, ते टेबलावरचं रजिस्टर उभं धरून समजावून सांगितलं. मॅनेजरने सगळं नीट ऐकून घेतलं. घरी येऊन गाडीवाल्याने चहाची गोष्ट दोनदा सांगितली. सुनेला त्या दिवशी अंगाला तेल लावून हवं होतं, पण तो चहातच रमला होता आणि ते त्याच्या लक्षात आलं नाही.

पुढच्या सोमवारी पंपाच्या भिंतीवर कागद लागला. सगळ्या गाड्यांना यापुढे नऊ लिटर.

टपरीवर त्या दिवशी गाडीवाला गेला तेव्हा बाकावरची माणसं सरकली नाहीत. तो उभ्यानेच चहा प्यायला. कोणी काही बोललं असतं तर बरं झालं असतं. लांबड्यानेच शेवटी तोंड उघडलं. "मी तुला तुझं वाचवायला सांगितलं होतं. पेपरात छापायला नव्हतं सांगितलं."

गाडीवाला तिथून निघाला तो तणतणतच. दुसऱ्या दिवशी सकाळीही राग उतरला नव्हता. भरल्या कॅनसह खाणीच्या वळणावर गाडी त्याने नेहमीपेक्षा जोरात घातली. आतल्या आरशाचं तोंड त्याने पहिल्याच दिवशी फिरवून ठेवलं होतं, त्यात रस्ता दिसत नसे, बायको दिसे. वळण संपलं आणि आरशात ती नव्हती.

ती खडीवर पडली होती. कॅन सुटला तसा तिने तो धरला, आणि कॅनने तिला खाली नेलं. कोपर सोलून हाड दिसत होतं, मनगट भलत्याच दिशेला वळलं होतं. कॅन आडवा होऊन दूध धुळीतून वाट काढत गटाराकडे चाललं होतं.

"कॅन उचला आधी," ती म्हणाली. "अर्धा तरी राहील."

त्याने कॅन उचलला नाही. तो तिच्याजवळ गुडघ्यांवर बसला आणि त्याला रडू फुटलं. तिला ते नवीन होतं. मनगट ठणकत असताना तिलाच त्याला उठा, उठा, दूध नासेल, असं म्हणावं लागलं.

डॉक्टरने हात प्लास्टरमध्ये घातला, दीड महिना काम नाही असं सांगितलं. गाडीवाल्याने शेजाऱ्याच्या मदतीने फाळका पुन्हा चढवला आणि वस्तीवरच्या माणसांकडून कॅन चढवून घेत एकटाच फेरीला जाऊ लागला. पहिल्या दिवशी डेअरी पाच किलोमीटरवर असताना डिझेल संपलं. डेअरीची गाडी येऊन दूध घेऊन गेली आणि मॅनेजरने वहीत एक खूण केली. दुसऱ्या दिवशी तेच, थोडं अलीकडे. दुसरी खूण.

त्या संध्याकाळी तो पुन्हा पाना घेऊन गाडीमागे गेला. "बघितलंत ना बाबा? फाळका लावला आणि संपलं. आता तरी पटलं का?"

 सुताराच्या आधी सून बोलली. "उद्या राहू द्या तो. मी येते."

"एका हाताने मागे बसणार?"

"पुढे बसते. माप तरी धरता येईल."

"उद्या संपलं तर तिसरी खूण, कळतंय का तुला? फेरी गेली. खायचं काय मग, हा फाळका?"

"येते म्हटलं ना."

सकाळी ती केबिनमध्ये बसली. कितीतरी दिवसांनी काचेतून पुढचा रस्ता दिसला. गाडीवाला पहिल्या वस्तीपर्यंत गेला आणि तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की तिला ही गाडी ओळखीची वाटत नाही. तो सपाटीवर पाय दाबून गाडी पळवत होता, खड्डा आला की कचकन ब्रेक, मग पुन्हा पाय खाली. चढावर इंजिन ओरडेपर्यंत गिअर बदलत नव्हता. पूल होता तेव्हाही तो असाच चालवायचा, तिला आठवलं. मध्ये विसरायला झालं होतं.

"मी मागे होते तेव्हा असंच चालवत होतात?" तिने विचारलं.

"वेडी का काय? तेव्हा तू मागे होतीस," तो म्हणाला. आणि बोलता बोलता त्याची नजर आरशाकडे गेली.  वेग आपोआप कमी झाला.

"म्हणजे फाळका नाही," ती म्हणाली.

"मला काय माहीत. मी आरशात बघत होतो. तुझा तोल जायला लागला की पाय आपोआप वर यायचा."

तिला एकाच वेळी हसू आलं आणि राग आला. इतके दिवस हा माणूस आपल्याला जपत होता, आणि श्रेय वाऱ्याला देत होता. "मग आता समजा मी मागे आहे," ती म्हणाली. "पाय वर घ्या."

डेअरीत काठी बुडवली तेव्हा टोकाच्या वर बोटभर ओल होती. नऊ लिटरमध्ये, फाळका लावून.

सुताराला ते सांगितलं, पण तो एवढ्यावर ऐकणारा नव्हता. एका दिवसावर काही ठरत नाही, म्हणाला. दुसऱ्या दिवशी फाळका काढून, कॅन दोऱ्यांनी आवळून, तितक्याच सावकाश फेरी झाली. काठीला ओल जरा कमीच लागली. तिसऱ्या दिवशी पुन्हा फाळका लावून. पुन्हा बोटभर. त्या दिवशी परतीला सुतार स्वतः गाडीत बसून आला होता. डेअरीतून निघताना त्याने रिकाम्या हौद्यात मूठभर भुसा टाकला आणि केबिनच्या मागच्या काचेतून सारखा बघत राहिला. भुसा हौद्यातल्या हौद्यात गोल फिरायचा, खाली बसायचा, पुन्हा उठायचा, पण बाहेर जाईना. धूळही आत येत नव्हती.

"डबक्यासारखा साचलाय वारा आत," तो म्हणाला. "वरचा वारा त्याच्या डोक्यावरून निघून जातो. फाळक्याला विचारत पण नाही कोणी."

त्याचे हात मांडीवर थरथरत होते, आवाज मात्र साफ होता. सुनेने इतक्या वर्षांत त्याला एवढं खूश पाहिलं नव्हतं. गाडीवाला रस्त्याकडे बघत राहिला. घरी पोचल्यावर म्हणाला, "झालं ते झालं. आता गप्प बसायचं. आपलं नऊत भागतंय."

"आणि बाकीचे?" सून म्हणाली.

"बाकीचे बोलतात का माझ्याशी?"

"लांबड्याची आई अजून मागे बसते. माझं मनगट तरुण होतं म्हणून जुळतंय. तिचं नाही जुळायचं."

"मी सांगितलं होतं का त्याला आईला बसव म्हणून?"

"तुम्हीच सांगितलंत," ती म्हणाली. "काठी नाचवून."

तो जेवला नाही. पण दुसऱ्या दिवशी दूध उतरल्यावर तो टपरीवर गेला आणि बाकासमोर उभा राहिला. त्याला भाषण येत नव्हतं. "फाळक्यात काही नाही," तो म्हणाला. "मी चुकलो. बायको मागे होती म्हणून मी हळू चालवत होतो, डिझेल त्यामुळे वाचलं. फाळके लावा आणि हळू चालवा. माणसं पुढे घ्या."

कोणी तरी हसलं. लांबड्याने कप खाली ठेवला.

"आधी म्हणालास काढा. एक लिटर गेलं. आता म्हणतोस लावा. आता किती घालवायचंय?"

"खरं सांगतोय. काठी बघ माझी."

"तुझी काठी आम्ही एकदा बघितली," लांबड्या म्हणाला. "आम्ही फाळका लावायचा, आमची गाडी अडकायची, तीन खुणा झाल्या की आमच्या फेऱ्या कोणाला? तुझा शेजारी उभाच असतो रोज गेटवर."

"आईला तरी पुढे घे."

"माझ्या आईचं मला शिकवू नकोस. तुझी बायको पाडलीस तू."

 गाडीवाला तसाच मॅनेजरकडे गेला. मॅनेजर म्हणाला, "फाळका लावून चालतं, काढून चालतं, म्हणजे नऊत चालतं. मग अडचण काय आहे?" आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

परतीला खाणीच्या चढाआधी त्यांच्यापुढे लांबड्याची गाडी लागली. मागे रिकाम्या कॅनना पाय लावून म्हातारी बसली होती, कडेला आडवी, मान यांच्याकडे वळवलेली, साखळी पाठीशी नसून हातात धरलेली. रिकामे कॅन हलके, सारखे नाचत होते, आणि ती एकेकाला पायाने दाबायला बघत होती. धूळ उडाली की ती दिसेनाशी होई, मग पुन्हा दिसे.

चढाच्या तोंडाशी रस्ता रुंद होता. गाडीवाल्याने नेहमीप्रमाणे पुढे काढायला गाडी बाजूला घेतली. पुढे निघून गेलं की मोकळा रस्ता, एका दमात चढ, डिझेल वाचणार. लांबड्या चढावर गाडी तोडत तोडत नेई. त्याच्यामागे राहायचं म्हणजे थांबा, उठा, पहिला गिअर, दुसरा, पुन्हा थांबा. बोटभर उरणारं डिझेल या एका चढावर जाणार आणि उद्या सकाळी दूध भरून येताना गाडी कुठे तरी बंद पडणार, हे दोघांनाही कळत होतं. दोन खुणा वहीत होत्याच.

पुढच्या गाडीने हिसका दिला. म्हातारी कडेपर्यंत सरकली, साखळीला लोंबली, आणि पुन्हा आत बसली. लांबड्याच्या केबिनमधला आरसा सरळ होता, रस्त्याकडे बघणारा.

गाडीवाल्याने गाडी परत मागे घेतली. पंधरा-वीस पावलांचं अंतर ठेवलं. कोणी वरून पडलं तर ब्रेक लागेल आणि मागून येणारं काही तिच्यावर जाणार नाही, एवढं.

म्हातारीने हाताने खूण केली, पुढे जा. त्याने मान हलवली. तिने पुन्हा केली.

"उद्या कमी पडेल," सून म्हणाली.

"पडेल."

 तिने प्लास्टरचा हात मांडीवर नीट ठेवला आणि खिडकीची काच वर केली, कारण धूळ आत यायला लागली होती. गाडीवाला दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून पुढच्या गाडीकडे बघत होता, पाय ब्रेकवर, पुन्हा क्लचवर, पुन्हा ब्रेकवर. म्हातारीने आणखी एकदा हात केला, मग कंटाळून तो साखळीवर ठेवला आणि चढ संपेपर्यंत त्यांच्याकडे बघत बसून राहिली.